गाडी लहान, जागा मोठी, तरी खांबाला लागते कशी?

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसपण गेला, आणि त्या दसरा-दिवाळीत आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एकदम चार नव्या गाड्या आल्या. चारही छोट्या, म्हणजे सरकारी व्याख्येतल्या छोट्या, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. हार झाले, लिंबू चिरडून झालं, पेढे वाटून झाले. आणि डिसेंबर संपेपर्यंत चारातल्या तिघांना ओरखडे पडले होते. तिघांनाही डाव्याच अंगाला बरं का, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला हसायचा हक्क नाहीये कारण माझी गाडी आली तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात बेसमेंटच्या खांबाला मागचा डावा दरवाजा हँडलपासून खालपर्यंत घासलेला. तेव्हा मीपण तेच म्हणालेलो जे हे तिघं म्हणाले, "अंदाजच आला नाही हो". आपल्याकडे हा अंदाज म्हणजे गोड गळ्यासारखी काहीतरी देवाची देणगी समजतात, एखाद्याला असते, नसली तर नसते. माझं म्हणणं तसं नाहीये. पार्किंगमधला अंदाज ही एकदा बसून मोजायची गोष्ट आहे, फक्त आपण ती कधी मोजत नाही आणि ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकलो तिथेपण कोणी मोजायला सांगितलं नाही.

## मारुतीला कुठवर लागलं?

नाशिककराला हे समजवायला सोपं आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांमध्ये इतके हजार क्युसेक तितके हजार क्युसेक चालू होतं. आता क्युसेक म्हणजे किती पाणी हे शंभरातल्या किती जणांच्या डोळ्यांसमोर येतं? पण फोन करून सगळे एकच विचारतात, दुतोंड्या मारुतीला, म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या मारुतीच्या मूर्तीला, पाणी कुठवर लागलं? गुडघ्यापर्यंत म्हटलं की चहा घेत बसतात, कमरेपर्यंत म्हटलं की भांडी बाजार, सराफ बाजारातली माणसं माल वर चढवायला घेतात.

म्हणजे पाण्याकडे बघून पाणी मोजायचं नाही. एक खूण जागची हलत नाही, आणि त्या खुणेचा अर्थ काय हे आधीपासून माहिती आहे, बास. गाडीतपण हेच करायचंय. गाडीचं टोक, चाक, बंपर यातलं काहीच तुम्हाला सीटवरून दिसत नाही, तेव्हा जे दिसतं त्यावर खूण धरायची आणि त्या खुणेचा अर्थ आधी मोजून ठेवायचा.

## बाल्कनीत एक पाऊल मागे उभं राहून बघा

आता दिसत का नाही ते बघू. बाल्कनीच्या कठड्याला टेकून खाली बघितलं तर खालची रिक्षा दिसते. एक पाऊल मागे सरकलात की रिक्षा गायब आणि थेट समोरच्या फुटपाथपासूनचंच दिसायला लागतं. कठड्याने मधला सगळा भाग खाल्ला. गाडीत बॉनेट म्हणजे कठडा आणि आपण कायमचे एक पाऊल मागे बसलेलो.

थोडं गणित करू, शाळेतले समरूप त्रिकोण आहेत, घाबरायचं कारण नाही. समजा तुमचा डोळा जमिनीपासून १२५ सेंटीमीटरवर आहे, बॉनेटची दिसणारी पुढची कडा ९५ सेंटीमीटर उंच आणि डोळ्यापासून १६० सेंटीमीटर पुढे. म्हणजे नजर १६० सेंटीमीटर पुढे जाते तेव्हा ३० सेंटीमीटर खाली उतरते, त्याच उताराने जमिनीला टेकायला तिला पावणेसात मीटरच्या आसपास जावं लागतं. त्यातून डोळ्यापासून बंपरपर्यंतचे दोन मीटर वजा केले तरी बंपरच्या पुढे साडेचार मीटरहून जास्त जमीन तुम्हाला दिसतच नाही. साडेचार मीटर! म्हणजे तुमच्या गाडीपेक्षा लांब पट्टा. यालाच ब्लाइंड स्पॉट म्हणतात, आपण आंधळा पट्टा म्हणू. म्हणून नवा माणूस समोरची पांढरी रेघ बॉनेटखाली गेली की "आता लागली" म्हणून ब्रेक दाबतो आणि उतरून बघतो तर पुढे अजून एक गाडी मावेल एवढी जागा.

आता त्याच गणितात डोळा १० सेंटीमीटर खाली घ्या. आंधळा पट्टा सव्वासात मीटरवर जातो. दहा सेंटीमीटरचा फरक, म्हणजे एका उशीचा. "बायकांना अंदाज येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी मुद्दाम काढून ठेवलाय. कमी उंचीच्या माणसाला, बाई असो की बुवा, सीट वर न करता चालवायला दिली तर त्याला मुळात जमीनच कमी दिसते, मग अंदाज कुठून येणार. सीट वर घ्या, वर होत नसेल तर खाली घट्ट बसणारी उशी घ्या, यात लाज कसली.

जाता जाता एक. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत नऊ-दहा फुटांच्या ओळीतून ट्रॅक्टर आणि मागे फवारणीचा ब्लोअर घेऊन जाणारा पोरगा बघा, वेलीचं पान हलू देत नाही. त्याचा हात चांगला आहेच, पण त्याला स्वतःची पुढची चाकं डोळ्यांनी दिसतात. त्यालाच बंद काचांच्या कारमध्ये बसवलं की पहिले चार दिवस तोपण आपल्यासारखाच मान वर करकरून बघतो.

## डावीच बाजू का?

कारण आपण उजवीकडे बसतो. डोळ्यापासून गाडीची उजवी कड फार तर दीड फूट, डावी कड चार फुटांच्या आसपास, आणि मध्ये शेजारची सीट, दरवाजा, डॅशबोर्ड. उजवीकडे काच खाली करून डोकं काढता येतं, डावीकडे नुसता भरवसा. त्या तिघांचे ओरखडे डावीकडेच का याचं अर्धं उत्तर हे (उरलेलं अर्धं पुढे येतं).

इथे ती खूण लावायची. रविवारी सकाळी रिकामा रस्ता बघा, सरळ फुटपाथ असलेला. गाडी अशी उभी करा की डावी दोन्ही चाकं फुटपाथच्या कडेपासून बरोबर एक फुटावर, टेपने मोजून, पायाने नाही. मग नेहमीसारखं टेकून बसा, पुढे वाकायचं नाही, आणि बघा की फुटपाथची कड समोरच्या काचेच्या खालच्या पट्टीला कुठे येऊन मिळतेय. तिथे आतून एक टिकली लावा. हो, कपाळाची टिकली, तिला गोंद असतोच.

गंमत म्हणजे ती टिकली काचेच्या डाव्या कोपऱ्यात येत नाही, साधारण मधोमध येते! पहिल्यांदा कोणालाच पटत नाही. पण डोळा उजवीकडे आणि वर आहे, जमीन डावीकडे आणि खूप खाली आहे, त्यामुळे चाकाच्या बाहेर असलेली रेघपण तुम्हाला बॉनेटच्या मध्यात शिरल्यासारखी दिसते. म्हणूनच नवे लोक रेघ बॉनेटच्या डाव्या टोकाला दिसेल अशी गाडी धरतात आणि प्रत्यक्षात फुटपाथपासून बरेच लांब रस्त्यात उभे राहतात, मागे सिटी लिंकची बस हॉर्न मारतेय. नंतर कोणीतरी ओरडतं, मग घाबरून एकदम डावीकडे घेतात आणि रिम घासते.

## गाडी किती ॲक्टिव्हा लांब आहे?

मीटर डोळ्यांसमोर येत नाही, मान्य. पण ॲक्टिव्हा येते, नाशिकमध्ये तर झोपेतपण येते. ॲक्टिव्हा १.८३ मीटर लांब आहे. वॅगन आर ३६५५ मिलिमीटर, म्हणजे एकामागे एक लावलेल्या बरोब्बर दोन ॲक्टिव्हा. अल्टो के१० ३५३० मिलिमीटर, दोनला जरा कमी. नवी स्विफ्ट ३८६०, दोन आणि वर वीतभर. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये रस्त्याला समांतर लावायची असेल तर स्वतःच्या लांबीच्या दीडपट जागा असली की माणूस घाम न गाळता लावू शकतो, म्हणजे तीन ॲक्टिव्हा. कॉलेज रोडला टू-व्हीलर आडव्या लावलेल्या असतात तिथे मोजायचं तर सलग सात टू-व्हीलर निघाल्या की ती जागा तुमची. पाच निघाल्या तर पुढे चला, उगाच घुसवायला जाऊ नका, गाडी आत मावेल इतकीच जागा आणि गाडी आत नेता येईल इतकी जागा यात फरक असतो.

आता रुंदी. सोसायटीतली आखलेली जागा साधारण अडीच मीटर रुंद. वॅगन आर आरसे सोडून १.६२ मीटर. उरले ८८ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना ४४-४४. दीड फुटाच्या आत. यात दरवाजा अर्धवट उघडून पोट आत घेऊन उतरता येतं, हे झालं गाडी बरोबर मधोमध आणि सरळ असेल तर. पण गाडी तिरकी राहिली तर? घड्याळाचा मिनिट काटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढीच, म्हणजे ६ अंश तिरकी राहिली, तर पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा ३८ सेंटीमीटर बाजूला जातं. तुमच्याकडे होते ४४, संपलं की. म्हणून मी म्हणतो आधी सरळ करा, मग मध्ये आणा, लोक उलटं करतात, आधी मध्ये आणायला बघतात आणि तिरके घुसतात.

## पुढचं निघालं, मागचं अडकलं

आता माझा खांब. मी तोंडाकडून आत घेत होतो, डावीकडे वळवून, बॉनेट खांबाच्या पुढे सुखरूप गेलं, म्हटलं झालं, आणि कर्रर्र.

गाडीची फक्त पुढची चाकं वळतात, मागची सरळच असतात. त्यामुळे वळताना मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून शॉर्टकट मारतात. किती आतून, हे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर ठरतं, त्याला व्हीलबेस म्हणतात. वॅगन आरचा २४३५ मिलिमीटर. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असेल तर बाहेरच्या बाजूचं मागचं चाक पुढच्यापेक्षा पाऊण मीटरभर आतून जातं आणि आतल्या बाजूचं तर मीटरच्या जवळपास. म्हणजे पुढचं डावं चाक खांबापासून दोन फूट लांबून गेलं तरी मागचा दरवाजा खांबावर जाऊ शकतो. हेच ते तिघांचं उरलेलं अर्धं उत्तर, आमच्या बेसमेंटमध्ये उताराने आलं की डावीकडे वळूनच जागा लागतात.

यावर उपाय म्हणजे रिव्हर्स. शाळेतला कंपास आठवा. मागच्या दोन चाकांमधून एक सरळ रेघ काढा आणि बाजूला लांबवा, गाडी त्या रेघेवरच्याच एखाद्या बिंदूभोवती फिरते. तोंडाकडून शिरताना जे टोक हवं तसं वळवता येतं ते आधी आत जाऊन अडकतं, रिव्हर्सला मात्र न वळणारी मागची चाकं आधी जागेत बसतात आणि वळणारं तोंड शेवटपर्यंत बाहेर मोकळं राहतं. फक्त तोंड फिरताना उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं हे विसरू नका. मागे बघण्याच्या नादात पुढचा कोपरा शेजाऱ्याच्या गाडीला लावणारे मी दोन पाहिलेत.

## "अहो पण कॅमेरा आहे ना"

आहे, आणि चांगलाच आहे, घ्याच. पण त्याला काय येत नाही ते माहिती पाहिजे.

मागचे सेन्सर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, म्हणजे तुमच्या स्वस्तातल्या मॉडेललापण असणार. ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात, एक मीटरवरून परत यायला सहा मिलिसेकंद. आवाज आपटून परत यायला समोर काहीतरी पाहिजे. पातळ सळई, ताणलेली तार, साखळी यावरून तो नीट परत येत नाही. बंपरच्या खाली राहणारा दगड सुटू शकतो. आणि खड्डा तर कधीच कळत नाही, सिंहस्थाच्या कामांसाठी शहर जागोजागी खोदलंय, उघड्या चरासमोर सेन्सर एकदम गप्प बसणार, कारण तिथे आपटायला काही नाहीच. गप्प सेन्सर म्हणजे मागे मोकळं असं नसतं.

कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. त्याची लेन्स खूप रुंद बघणारी असते म्हणून मागचं सगळं लहान आणि लांब दिसतं. स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा जमिनीवर आखल्यासारख्या धरलेल्या असतात, त्या जमिनीवरच्या वस्तूला लागू. मागे टेम्पोच्या हौद्यातून पाईप बाहेर आले असतील तर ते हवेत आहेत, स्क्रीनवर ते आहेत त्यापेक्षा लांब दिसतात, लाल रेघेला पोचायच्या आधीच काच फुटते. लाल रेघ म्हणजे नक्की किती हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. पाण्याची बाटली ठेवा, लाल रेघ बाटलीच्या बुडाला टेकली की उतरा आणि टेप लावा, पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात आधी कॅमेऱ्याच्या डोळ्यावरून बोट फिरवा, चिखल असतोच.

बाहेरचे आरसे फुगीर असतात, चमच्याच्या पाठीसारखे, म्हणून त्यात खूप भाग दिसतो पण सगळं लहान आणि लांब वाटतं. आतला आरसा सपाट, तो अंतराबाबत खरं बोलतो. बाहेरच्या आरशावरून सरळ चाललोय का एवढंच ठरवा. डावा आरसा थोडा खाली करून मागचं चाक आणि पांढरी रेघ एकत्र दिसेल असा केला तर सरळ-तिरकं लगेच कळतं. निघताना परत वर करा म्हणजे झालं.

## "वॉचमनकाका आहेत की सांगायला"

काका भला माणूस आहे, पण काका "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" म्हणतात आणि मग ठक्क झाल्यावर "बास". त्यांचा दोष नाही. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, ताशी ४ किलोमीटरने जरी मागे येत असली तरी सेकंदाला एक मीटरहून जास्त सरकते. काकांनी बघितलं, ओरडले, तुम्ही ऐकलं, पाय ब्रेकवर गेला, यात सेकंद सहज जातो. म्हणजे "बास" एक मीटर आधी म्हणायला पाहिजे आणि एक मीटर आधी बास म्हणणारा वॉचमन मी अजून पाहिलेला नाही. ताशी १ किलोमीटर असेल तर तोच सेकंद २८ सेंटीमीटरला पडतो. क्लच अर्धा, पाय ब्रेकवर, मुंगीच्या गतीने, मागचा कितीही हॉर्न मारू दे. काकांना उजव्या आरशात दिसतील असं उभं करा आणि दोन हातांमध्ये अंतर दाखवायला सांगा, तोंडाने काही बोलू नका म्हणावं. रविवार कारंज्याच्या गर्दीत तर बोललेलं ऐकूपण येत नाही.

## "सवयीने येतंच की सगळं"

येतं. सवय म्हणजे हेच मोजमाप, फक्त डोक्याने ते नकळत आणि बंपरच्या खर्चाने केलेलं. दहा वर्षं चालवणाऱ्याला विचारलं तर तो खूण सांगू शकत नाही पण त्याची नजर काचेच्या त्याच जागेवर जाते. शिवाय ही सवय त्या गाडीपुरती आणि त्या सीटपुरती असते. अल्टोवर हात बसलेला माणूस भावाची मोठी क्रेटा लावायला घेतो तेव्हा त्याची दहा वर्षांची सवय एका मिनिटात परकी होते. मोजायला मला एका रविवारी पाऊण तास लागला. डावीकडची टिकली, मागच्या लाल रेघेचं अंतर, आणि पुढची भिंत. भिंतीसाठी बेसमेंटच्या पाईपला दोरीने एक टेनिस बॉल टांगलाय, काचेला टेकला की पुढे एक फूट शिल्लक.

एकच अडचण राहिली. बायको माझ्यापेक्षा पाच इंचाने बुटकी, ती सीट पुढे आणि वर घेते, त्यामुळे माझी टिकली तिला चुकीची पडते. तिने तिच्या जागेवरून परत मोजून स्वतःची वेगळी लावली. आता काचेवर दोन टिकल्या आहेत, माझी काळी आणि तिची मरून, दोन बोटांच्या अंतरावर. आई परवा गाडीत बसली, बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती, म्हणाली दृष्ट लागू नये म्हणून काळी लावलीस ते समजलं, पण ही मरून कशाला?